बांबोळीचा दवाखाना आणि सीमेपलीकडचा रुग्ण

खानापूरच्या रानपट्ट्यात किंवा बेळगावच्या पश्चिमेकडील खेड्यांत कोणी फार आजारी पडले आणि गावच्या डॉक्टरांनी मोठ्या ठिकाणी न्या म्हणून सांगितले, की घरातील जाणती माणसे दोन नावे काढतात. एक बेळगावचे सिव्हिल आणि दुसरे गोव्याचे बांबोळी. निपाणीकडे हाच मान कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे जुनी माणसे ज्याला थोरला दवाखाना म्हणतात त्याला आहे. चिकोडी-रायबागकडची माणसे मिरजेचे नाव घेतात. सीमाभागातील शेतकऱ्याचे राज्य एक आहे, पण त्याचे दवाखाने तीन राज्यांत आहेत. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि आपल्या जिल्ह्याचे ठिकाण त्याच्या जवळजवळ दुप्पट. मग ज्याच्या पोटात कळा येत आहेत त्याने कोणत्या दिशेला जावे, हे त्याला नकाशा काढून सांगावे लागत नाही.

या चारही गावी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, म्हणजे तेथील सरकारी दवाखान्यांत रुग्णांवर उपचार होतात आणि त्याच खाटांशेजारी उद्याचे डॉक्टर शिकतात. मिरजेचे सरकारी महाविद्यालय १९६२ सालचे. कोल्हापूरचे व बेळगावचे त्यामानाने अलीकडील, या शतकाच्या आरंभीचे. गोव्याचे मात्र या सर्वांचे पणजोबा शोभावे इतके जुने आहे. त्याच्याविषयी आज लिहावयाचे कारण असे की, सीमेपलीकडून येणाऱ्या रुग्णाला दारात काय वागणूक मिळावी हा प्रश्न तेथे उघडपणे पुढे आला. आमचे मत आधीच सांगून टाकतो. मोठ्या सरकारी शिक्षण-दवाखान्याच्या दारात रुग्णाला त्याचा आजार विचारावा, राज्य विचारू नये. पैशांचा हिशेब सरकारांनी मागाहून आपसांत करावा.

हे मत नुसत्या कळवळ्यातून आलेले नाही. त्या दवाखान्याचा इतिहासच आम्हांस या मताकडे घेऊन गेला.

आल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकले आणि लागलीच तेथे आजारी शिपायांसाठी दवाखान्याची सोय केली. पुढे तो राजाचा दवाखाना म्हणून ओळखला जाऊ लागला. पोर्तुगालहून गलबत सुटले की गोव्याला पोचेपर्यंत सहा महिने, कधी त्याहून अधिक लागत. ताजी भाजी नाही, फळ नाही, पाणी सडलेले. हिरड्या सुजलेले, ताप अंगात मुरलेले खलाशी शेकड्यांनी किनाऱ्याला लागत. (ज्या पोर्तुगीज गलबतांनी हा रोगी माल आणला त्यांनीच मिरची, काजू आणि तंबाखूही आणला. निपाणीचे अर्धे वैभव आणि अर्धे खोकले त्याच जहाजातून उतरले म्हणावयाचे! आपण दवाखान्याला इस्पितळ म्हणतो तो शब्दही त्यांच्याच बोलीतला.) सोळाव्या शतकाच्या अखेरीस या दवाखान्याचा कारभार येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे आला आणि त्याची कीर्ती युरोपपर्यंत गेली. पिरार द लावाल नावाचा फ्रेंच प्रवासी १६०८ साली तेथे स्वतः रुग्ण म्हणून राहिला. स्वच्छ खाटा, नेमाने येणारे वैद्य, चांदीच्या भांड्यांतून दिले जाणारे अन्न, याचे त्याने तोंड भरून वर्णन केले आहे. जगात याच्या तोडीचा दवाखाना क्वचितच असेल असे त्याला वाटले.

पण त्या चांदीच्या भांड्यांत जेवण्याचा अधिकार कोणाला होता? गोऱ्या माणसाला, त्यातही मुख्यतः शिपायाला. या भूमीतील माणसाला, मग तो बाप्तिस्मा घेतलेला का असेना, तेथे खाट नव्हती. देशी गोरगरिबांसाठी वेगळे दवाखाने होते. ते धर्मसंस्थांनी व दानधर्मावर चालणाऱ्या मिझेरिकोर्दिया मंडळाने चालविले. तेथे सेवा होती, पण राजाच्या खजिन्याचा पैसा नव्हता. म्हणजे आपल्या भागातील पहिल्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दारावर पहिला प्रश्न हाच विचारला गेला : तू कोठला?

त्या नावाजलेल्या दवाखान्याचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. पिरारनंतर चाळीस वर्षांनी, १६४८ च्या सुमारास, ताव्हेर्निये हा दुसरा फ्रेंच प्रवासी गोव्याला आला. त्याने लिहून ठेवले आहे की, कारभारी बदलल्यापासून येथे रुग्णांची हेळसांड होते, आणि आत गेलेल्यांपैकी पुष्कळजण थडग्याकडे जाण्यासाठीच बाहेर पडतात. गाव तेच आणि नावही तेच होते. बदलली ती माणसे आणि त्यांच्यावरील देखरेख. सरकारी दवाखाना हा विहिरीसारखा असतो. एकदा बांधली म्हणून ती कायम चांगली राहत नाही, दर उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो. हे अलीकडेही दिसले. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत बांबोळीला पहाटेच्या वेळी रुग्ण दगावत होते. ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला, तेव्हा न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले. ज्या दवाखान्याचा आम्ही येथे पुरस्कार करीत आहोत त्याची ही बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही.

जुने गोवे शहर साथींनी ओस पडत गेले, तसा दवाखाना आधी पाणेली येथे आणि मग पणजीला हलला. तेथे ५ नोव्हेंबर १८४२ रोजी वैद्यक व शस्त्रक्रिया शिकविणारी शाळा रीतसर सुरू झाली. मोआशो नावाचे पोर्तुगीज मुख्य वैद्य तिचे प्रवर्तक. कलकत्त्याचे व मद्रासचे महाविद्यालय तिच्या आधी सात वर्षे, तर मुंबईचे ग्रँट मेडिकल तिच्या नंतर तीन वर्षांनी निघाले. येथे एक मोठा बदल घडला. ज्या इस्पितळाने देशी माणसाला खाट नाकारली होती, त्याच परंपरेतून निघालेल्या शाळेत आता देशी मुले डॉक्टर होऊ लागली. त्यांना मान मात्र पुरता मिळाला नाही. येथे शिकलेल्याला पोर्तुगालमध्ये डॉक्टरकी करावयाची तर पुन्हा शिकून परीक्षा द्यावी लागे. सरकारने त्यांना मोझांबिक, अंगोला अशा वसाहतींत धाडले, आणि गोव्याच्या या मुलांनी आफ्रिकेच्या रानावनांत हिवतापाशी व देवीशी सामना केला. विसाव्या शतकात याच शाळेतून फ्रोइलानो द मेलो यांच्यासारखे जगन्मान्य जंतुशास्त्रज्ञ निघाले. त्यांनी माकाझन येथे कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना उभारण्यात पुढाकार घेतला.

गोवा १९६१ साली मुक्त झाले आणि १९६३ साली शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले. पणजीतील जुनी इमारत अपुरी पडू लागली तेव्हा बांबोळीच्या पठारावर नवा विस्तार उभा राहिला, आणि १९९३ पर्यंत सारा कारभार तेथे गेला. पणजीच्या जुन्या वास्तूत आता चित्रपट महोत्सवाची कार्यालये आहेत. आज बांबोळीला हजाराहून अधिक खाटा आहेत. हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा अवयवांचे स्वतंत्र विभाग आहेत, रक्तपेढी आहे, आणि रात्री दोन वाजताही जागा असलेला अपघात विभाग आहे. आपला बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली निर्माण झाला. त्यापूर्वी आपल्यापैकी कित्येक देवळांचा कारभार गोव्याहूनच होत असे. त्यामुळे आपल्या घरांत कोणाची मावशी म्हापशाला, कोणाची सोयरीक वाळपईला, हे चालत आलेले आहे. रुग्णासोबत आलेल्याला रात्री पाठ टेकण्यापुरते घर मिळते, म्हणूनही बांबोळी आपल्याला जवळची.

आता जानेवारी २०१८ कडे येऊ. त्या महिन्यापासून गोवा सरकारने आपल्या सरकारी दवाखान्यांत राज्याबाहेरील रुग्णांकडून शुल्क घेण्यास सुरुवात केली. तोपर्यंत बाहेरच्या रुग्णालाही जवळजवळ फुकट उपचार मिळत असत. सिंधुदुर्गात याचा मोठा क्षोभ झाला, कारण दोडामार्ग-सावंतवाडीच्या माणसाला बांबोळीशिवाय जवळ काहीच नव्हते. तेथे लोक आंदोलनाला बसले. आपल्या खानापूर-बेळगावकडे कुरकुर झाली, पण ती घराघरांतच राहिली.

गोव्याची बाजू आम्ही समजू शकतो. गोवा लहान राज्य. तेथील करदात्याच्या पैशातून दवाखाना चालतो. तेथील आजारी म्हातारीला खाट मिळू नये आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्याला मिळावी, हे तिच्या मुलाला कसे पटावे? आपल्या गावच्या तळ्यावर शेजारच्या गावाने टँकर लावले तर आपणही ओरडतोच. शिवाय महाराष्ट्राने व कर्नाटकाने आपल्या सीमेवरील तालुक्यांत धड दवाखाने ठेवले असते तर ही माणसे घाट उतरून गेलीच नसती, हा त्यांचा टोमणा खरा आहे. तो आपल्याच आमदार-खासदारांनी मनाला लावून घ्यावा.

तरीही शुल्काचा उपाय आम्हांस पटत नाही. ज्याच्यापाशी पैसे आहेत तो बेळगावात किंवा कोल्हापुरात खाजगी दवाखाना गाठतो. कित्येक गोवेकर स्वतः बेळगावच्या खाजगी दवाखान्यांत येतात, त्यांना कोणी अडवीत नाही. घाट उतरून बांबोळीला जाणारा बहुधा तोच, ज्याचे सर्व उपाय थकले आहेत. शुल्क थोडे असले तरी वाटखर्च, सोबतच्याचे जेवण, बुडालेली मजुरी यांवर ते पडते, आणि मग घरचा माणूस म्हणतो, पुढच्या आठवड्यात नेऊ. पुढचा आठवडा कर्करोगाला मानवतो, रुग्णाला नाही. दुसरी गोष्ट, चोर्ल्याच्या घाटाने रोज पहाटे आपली कोबी, मिरची, टोमॅटो गोव्याला उतरतात. गोव्याच्या बाजारातील बहुतेक भाजी बेळगावची. त्या कोबीला कोणी रेशनकार्ड विचारले आहे काय? ती पिकविणाऱ्याच्या पाठीला मात्र विचारतात.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि तिकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. शिक्षण-दवाखान्याला रुग्णाची गरज असते. वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळण्यासाठी ठराविक खाटा असाव्या लागतात, आणि त्या खाटांवर पुरेसे रुग्णही असावे लागतात. विद्यार्थी पुस्तकातून रोगाचे नाव शिकतो, रोग ओळखावयास शिकतो तो खाटेशेजारी. फुरसे चावलेला पाय, फवारणीच्या विषाने लाळ गाळणारा तरुण, ओल्या तंबाखूच्या पानांतील विष कातडीतून अंगात भिनून ओकाऱ्या करणारी मजूर बाई, हे पाहिल्याशिवाय शिकलेला डॉक्टर आपल्या खेड्यात येऊन काय करणार? सीमेपलीकडचा गरीब रुग्ण त्या दवाखान्यात नुसते घेत नाही, आपले दुखणे देऊन शिकवितोही. त्या ज्ञानाचा फायदा उद्या गोव्याच्याच रुग्णाला होतो.

याचे ताजे उदाहरण माकडतापाचे. हा ताप १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. रानातील गोचिडांच्या चाव्याने तो माणसाला होतो. अनेक वर्षे तो त्याच भागात घुटमळला. मग सह्याद्रीच्या रांगेने वर सरकत २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात पोचला. काजूच्या बिया गोळा करणारी माणसे तापाने फणफणू लागली. खानापूरचे रान याच रानाला लागून आहे. गोचीड कर्नाटकातील माकडावरून उतरून गोव्यातील बागेत पडते तेव्हा तिला चेकपोस्ट लागत नाही. हा रोग एका राज्यातील डॉक्टरांनी पाहावा आणि शेजारच्या राज्यातील रुग्णाने दाराबाहेर थांबावे, यात शहाणपण कोठले? (ज्यांच्या काजूच्या बागा आहेत त्यांच्यासाठी येथेच सांगून ठेवतो. डिसेंबर ते मे हा या तापाचा हंगाम. रानात अंगभर कपडे घालून जावे, आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीड पळविणारे तेल उघड्या अंगाला लावावे, घरी येताच गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करावी. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.)

महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांना आपल्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक शासनाने हरकत घेतली. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल जो लागावयाचा तो लागेल, त्यावर या पानात लिहिण्याचे कारण नाही. पण दोन सरकारांनी आपला तंटा रुग्णाच्या उशाशी आणून मांडू नये एवढे म्हणण्याचा हक्क आम्हांस आहे. म्हादईच्या पाण्यासाठी तिन्ही राज्ये लवादापुढे बसू शकतात, तर रुग्णांच्या हिशेबासाठी एका मेजाभोवती का बसू शकत नाहीत? दवाखान्याने उपचार करावे, बिल रुग्णाच्या राज्याकडे पाठवावे, आणि त्या राज्याने ते वेळेवर भरावे. आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली ती याच तत्त्वावर. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार कोणत्याही राज्यातील मान्य दवाखान्यात मिळू शकतात. अडचण अशी की, ज्यांची नावे केंद्राच्या यादीत आहेत त्यांनाच ही सोय आहे. राज्याने आपल्या पैशाने जोडलेल्या कुटुंबांचे कार्ड सीमेपलीकडे चालेलच याची खात्री नसते. ही फट बुजविणे काही अवघड नाही. आपल्या भागातून मते मागावयास येणाऱ्यांना हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

हक्काचे बोललो, आता वापराचे. मोठ्या दवाखान्याचा आपल्याकडे दोन तऱ्हांनी गैरवापर होतो. साध्या खोकल्यासाठी किंवा जुन्या गुडघेदुखीसाठी पहाटेच्या वडापने थेट मोठा दवाखाना गाठावयाचा आणि तेथे रांग वाढवावयाची, ही एक तऱ्हा. दुसरी याहून वाईट. आधी जडीबुटी, मग खाजगी, मग दागिने गहाण, मग रान गहाण, आणि सर्व संपल्यावर सरकारी. तेथे रुग्ण दगावला की, सरकारी दवाखान्यात माणसे मरतात म्हणून बोभाटा करावयाचा. शिकाऊ पोरे हात लावतात ही भीतीही निरर्थक आहे. ती शिकाऊ पोरे रात्रभर वॉर्डात जागी असतात. त्यांच्यावर वरिष्ठ असतात, त्यांच्यावर प्राध्यापक असतात. एका रुग्णाला चारजण तपासतात. खाजगीत हे भाग्य फारच थोड्यांना लाभते.

मात्र दोन दुखण्यांत बांबोळी, कोल्हापूर, मिरज यांपैकी कशाचाही विचार आधी करू नये. साप चावला किंवा औषध अंगावर सांडून, श्वासातून अथवा पोटात जाऊन विषबाधा झाली, तर सर्वांत जवळचा सरकारी दवाखाना गाठावा आणि १०८ ला फोन करावा. साप चावल्यावर कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये. पाय हलू न देता न्यावे. सर्पविषावरील लस सरकारी दवाखान्यात फुकट असते. फवारणीची विषबाधा असेल तर कपडे काढून अंग साबणाने भरपूर धुवावे, ओकारी करवू नये, आणि औषधाची बाटली किंवा निदान तिचे लेबल बरोबर न्यावे. त्यावरून डॉक्टरांना उताऱ्याचे औषध ठरविता येते. तेथे श्वास स्थिर झाला की, पुढे कोठे न्यावयाचे ते डॉक्टरच सांगतील.

बाकी मोठ्या दुखण्यांसाठी निघताना गावच्या किंवा तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. आधीचे सर्व कागद, फिल्मा, रक्ततपासण्या एका पिशवीत घालाव्यात. आयुष्मान किंवा आरोग्य कर्नाटक कार्ड, रेशनकार्ड आणि आधार यांच्या मूळ प्रती व दोन-दोन झेरॉक्स असाव्यात. कार्ड पलीकडे चालते की नाही, आणि शुल्क लागणार असेल तर किती, हे त्या दवाखान्यातील आरोग्यमित्राला आधीच फोनवर किंवा सोयऱ्यामार्फत विचारून घ्यावे. आपल्या लोकांत आणखी एक अडचण पुनःपुन्हा दिसते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे, रेशनकार्डावर घरात हाक मारावयाचे तिसरे, आणि आधारवर आडनावाचे स्पेलिंग चौथे. खाटेवर माणूस पडलेला असताना ही चार नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यात दोन दिवस जातात. पावसाळ्यात कामे थोडी हलकी होतात, तेव्हा घरातील प्रत्येकाचे कागद समोर ठेवून ताडून पाहावेत, आणि जेथे फरक असेल तेथे दुरुस्तीचा अर्ज करावा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी रविवारी मिस्सानंतर येथील कार्यालयात यावे. शिकलेली मुले तेथे लिहून देण्यास बसतात.